पगाराच्या वहीतला शिपाई

सोळाव्या शतकातला जर्मन भाडोत्री शिपाई डोळ्यांसमोर आणणं सोपं आहे, कारण तो चित्रकारांचा लाडका होता. फाटक्या-कापलेल्या रंगीबेरंगी बाह्या, टोपीवर पिसारा, खांद्यावर दोन पुरुष उंचीचा भाला. या लान्ड्सक्नेख्त लोकांची लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं तेव्हा जर्मन शहरांत खपत. पण त्या पिसाऱ्याखालचा माणूस कोण, कुठल्या गावचा, कसा जगला, हे विचारलं की चित्र उपयोगी पडत नाही. मग वह्या काढाव्या लागतात. भरतीची वही, पगाराची वही, शपथेचा मसुदा. लेओनहार्ट फ्रॉन्सपर्गर या उल्म शहरच्या लष्करी लेखकाने ही सगळी रीत ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. दोन परशू-भाले जमिनीत रोवायचे, वर एक लांब भाला आडवा ठेवायचा आणि त्या दारातून एकेका गड्याने नाव सांगत जायचं. साध्या शिपायाला महिना चार गुल्डन, पुढच्या रांगेत उभं राहणाऱ्याला दुप्पट. पगार थकला की शपथ गेली. 1527 साली रोम लुटलं ते बहुतांशी थकलेल्या पगारासाठी; त्याआधी या शिपायांचा लाडका सेनानी फ्रुन्ड्सबेर्ग त्यांना समजावताना जागीच कोसळला होता.

हे सगळं गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, लाटंबार्श्यात बसून वाचायचं काय कारण? कारण असं की याच वहीची गोव्यातली भावंडं अजून आहेत, आणि ती ठेवणारी संस्था पणजीत आहे. गोव्याचं पुराभिलेखागार ही माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्यांत कमी कौतुक झालेल्या संस्थांपैकी एक आहे. लोक तिथे जातात ते बहुधा जमिनीच्या भांडणापायी.

आधी जर्मन इथे कसे आले ते सांगतो. 25 मार्च 1505 ला पोर्तुगीज सेनानी फ्रांसिस्को द आल्मैदाचा ताफा लिस्बनहून निघाला. त्यातली तीन जहाजं जर्मन आणि इटालियन सावकारांच्या पैशाची होती. वेल्सर, फुगर, होखश्टेटर, इमहोफ अशा घराण्यांनी मिळून 36,000 क्रुझादो घातले होते, त्यातले 20,000 एकट्या वेल्सरांचे. पैशाबरोबर माणसं आली. बाल्थाझार श्प्रिंगर हा टिरोलमधल्या फिल्स गावचा माणूस सावकारांचा प्रतिनिधी म्हणून ‘लेओनहार्ट’ जहाजावर होता, हान्स मायर ‘राफाएल’वर. दोघांनीही प्रवास लिहून ठेवला. श्प्रिंगरचा 1509 मध्ये छापून निघाला; मायरचा मजकूर वालेंतिम फर्नांदिश या लिस्बनमधल्या जर्मन छापखानेवाल्याच्या संग्रहातून म्युनिकला पोचला. पूर्व आफ्रिकेतलं किल्वा घेतलं, मोंबासा जाळून लुटली, आणि सप्टेंबरात ताफा अंजदीवला लागला. तिथे किल्ला उभारायला घेतला. अंजदीव आज काणकोण तालुक्यात मोडतं, म्हणजे जर्मन लेखणी पहिल्यांदा गोव्याच्या आजच्या हद्दीत टेकली ती इथे.

पण लिहिणारे दोघेही व्यापाऱ्यांचे लोक. पोर्तुगीज जहाजांवर जर्मन तोफची असत आणि त्यांना मान होता. लिस्बनमध्ये जर्मनांची सेंट बार्थोलोम्यूच्या नावाची बंधुसंस्थाही होती. त्या तोफचींनी मात्र काही लिहिलं नाही. तोफेच्या धुरात वावरणारा माणूस कागदावर येतो तो पगार घेताना, मरताना किंवा पळून जाताना.

पळून जाण्याची गोष्ट खास आपल्या नदीची आहे. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतला तेव्हा पोर्तुगिजांकडे बेटं तेवढी होती. पलीकडे आदिलशाही मुलूख. डिचोली, लाटंबार्से, पेडणे हे सगळं त्या बाजूला. पगार थकला, वरिष्ठाशी भांडण झालं, तर शिपाई रात्री नदी ओलांडायचा. पलीकडे बंदूक आणि तोफ जाणणाऱ्या माणसाला चांगला भाव होता. आदिलशाही सरदार रसूलखानाने बाणस्तारीचा किल्ला धरला तेव्हा त्याच्या पदरी असे बरेच पोर्तुगीज होते. 1512 च्या वेढ्यात किल्ला पडला. प्राण घेणार नाही असं वचन दिलेलं होतं. आल्बुकेर्कने ते पाळलं आणि त्यांची नाकं, कान, उजवे हात आणि डावे अंगठे कापले. त्यांच्यातला फेर्नांव लोपिश पुढे सेंट हेलेना बेटावर एकटा उतरला आणि अनेक वर्षं तिथेच राहिला. त्याचं नाव उरलं ते या शिक्षेमुळे.

याच वेढ्यात आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट घडली. त्या वर्षीच्या ताफ्यातून जुआंव फिदाल्गु आणि रुय गोंसाल्विश हे दोघे कप्तान आले होते. त्यांचं काम शिपायांना स्विस धर्तीवर, म्हणजे भाल्यांची दाट चौकडी करून एका पावलाने चालायला शिकवणं. लान्ड्सक्नेख्त हीच विद्या स्विसांकडून शिकले होते. म्हणजे युरोपातल्या रणांगणावरची ताजी कवायत बाणस्तारीच्या चिखलात उतरली होती. उमरावांना ती मुळीच आवडली नाही. घोड्यावरून एकेकट्याने पराक्रम गाजवायचा सोडून हलक्या कुळीच्या माणसांबरोबर रांगेत चालायचं? पुढच्या वर्षी एडनच्या तटावर शिड्या मोडायला लागल्या तेव्हा याच शिपायांनी आपले परशू-भाले खाली टेकू म्हणून लावले. शिड्या तरीही मोडल्या आणि एडन हाती लागलं नाही.

विद्या एकाच दिशेने वाहत होती असंही नाही. गोव्यात हाती लागलेल्या कारागिरांच्या बंदुका बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या आहेत, असं खुद्द आल्बुकेर्कने राजाला कळवलं होतं. मध्य युरोपातला चाप आणि इथल्या लोहाराचा हात यांतून जी तोड्याची बंदूक तयार झाली तिचे वंशज अभ्यासकांना सिलोनपासून जपानपर्यंत दिसतात.

आता वहीकडे. यान हुइगेन व्हान लिन्स्खोटेन हा डच माणूस 1583 ते 1588 गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. तो सांगतो की राजाच्या चाकरीत येणाऱ्या प्रत्येक शिपायाचं नाव ‘मात्रिकुला’ नावाच्या मोठ्या वहीत चढे: आडनाव, देश, बाप कोण, पगार किती. भाल्यांच्या दारातून जाणाऱ्या जर्मन गड्याला जे विचारत तेच. आणि रोगही तोच, पगार थकण्याचा. पुढे फ्रेंच प्रवासी पिरारने लिहिलं की नऊ-दहा शिपाई एका घरात राहत, सगळ्यांत मिळून दोन-तीनच भारी पोशाख असत, आणि ज्याची पाळी तो ते घालून ऐटीत बाहेर पडे. लाकडी ठशांवरच्या पिसाऱ्याकडे हे वाचल्यावर जरा वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

या हलाखीचा सगळ्यांत मोठा साक्षीदार दियोगो दो कौतो. 1542 ला लिस्बनमध्ये जन्म, 1559 मध्ये शिपाई म्हणून इकडे. वहीत नाव असलेलाच माणूस. उतरत्या वयात त्याने एका मुरलेल्या शिपायाच्या तोंडून संवाद लिहिला. कप्तान मेलेल्या शिपायांच्या नावावर पगार कसे उचलतात, थकलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या अधिकारी कवडीमोलाने विकत घेऊन पुऱ्या किमतीला कशा वटवतात, सगळं त्यात आहे. ते पुस्तक छापलं गेलं 1790 साली, कौतो मरून पावणेदोनशे वर्षं होत आली तेव्हा. आणि गंमत पाहा, 25 फेब्रुवारी 1595 च्या राजाज्ञेने गोव्यात दप्तरखाना स्थापन झाला त्याचा पहिला रखवालदार हाच कौतो. ज्याला खोट्या नोंदी ठाऊक, त्याच्याच हाती दप्तराची किल्ली. आजचं पुराभिलेखागार आपली वंशावळ इथून मोजतं.

पुढची तीन शतकं मी चटकन ओलांडतो. दरसाल मान्सूनच्या ताफ्यातून येणारी-जाणारी राजाची पत्रं, शेजारच्या राजांशी झालेला व्यवहार, सल्लागार मंडळाचे ठराव असे खंडावर खंड साचत गेले. त्यांना वाचक मिळाला तो सत्तरीतल्या पिसुर्ले गावचा: पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर, जन्म 1894. 1931 पासून तीन दशकं त्यांनी हे दप्तर सांभाळलं, त्याची मार्गदर्शिका केली, त्या सल्लागार मंडळाच्या ठरावांचे पाच खंड छापले. पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांवर त्यांच्याइतकं भक्कम काम आजही दुसऱ्याचं नाही, हे माझं मत आहे आणि मी त्यावर वाद घालायला तयार आहे. कारण साधं. पोर्तुगीज येणाऱ्याला मोडी येत नव्हती आणि मोडी येणाऱ्याला पोर्तुगीज. पिसुर्लेकरांना दोन्ही येत होत्या.

लाटंबार्से या दप्तरात उशिरा येतं. डिचोली महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे कायमचा गेला तो 1781 मध्ये, पेडणे 1788 मध्ये. तोवर आमच्या बाजूचा शिपाई सावंतांच्या, देसायांच्या, राण्यांच्या चाकरीतला. त्याचा मोबदला रोकड कमी, जमीन आणि हक्क जास्त; म्हणून त्याची नोंद पगारपत्रकात सापडत नाही, सनदेत आणि मोकाशात सापडते. त्याहून जुना असेल तर दगडात. जुन्या गोव्याच्या संग्रहालयातल्या वीरगळांवर नावेतून लढणारे लोकही कोरलेले आहेत, चित्रकारांच्या लान्ड्सक्नेख्तांइतकेच निनावी.

डिचोली-पेडण्यासारखे महाल, म्हणजे नव्या काबिजादी, पोर्तुगिजांकडे गेल्यानंतर इथला मराठा पोर्तुगीज सैन्यात पगारी शिपाई झाला, आणि मग जुना हिशेब पुन्हा निघाला. 1895 च्या सप्टेंबरात या शिपायांना मोझांबिकच्या लढाईवर जायचा हुकूम झाला. भरती झाली ती मुलूख राखायला. समुद्रापलीकडे कशाला, असा त्यांचा सवाल. ते हत्यारं घेऊन सत्तरीत नाणूसच्या किल्ल्यात गेले, दादा राणे त्यांना मिळाले, आणि बंड मोडायला राजाचा भाऊ आफोंसो लिस्बनहून फौज घेऊन आला. या बंडाचे कागद विपुल आहेत: तारा, अहवाल, जाहीरनामे. त्यांत शिपायाचं म्हणणं आहे, पण ते त्याच्यावर खटला भरणाऱ्याच्या अक्षरात.