जिताड्यासाठी माशी

पहाटे 5.30. दिवाळे कोळीवाड्याचा धक्का. आज अमावस्या, पनवेल खाडीचं पाणी ओसरत आलंय. मी आधी टोपल्या बघतो. जिताडा जे गिळतो, तेच आज मला पिसं-केसांनी बांधायचं आहे. "बोय बारीकच हाय, दादा," असं म्हणत काकी बोटभर बोय माझ्या तळहातावर ठेवतात. पोट पांढरंशुभ्र, पाठ शेवाळी. माशीचे, म्हणजे गळावर बांधायच्या नकली आमिषाचे, रंग ठरले.

सकाळी 7.30. मटणाच्या दुकानातून बोकडाच्या कातड्याचा लांब केसांचा तुकडा. परदेशात हरणाच्या शेपटीचे केस लावतात. आपल्याकडच्या हरणांचे केस 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे वापरता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. केस साबणाने धुऊन पंख्याखाली वाळत घालायचे. थोडेसे शेवाळी रंगवायचे.

सकाळी 10. बेलापूरच्या घरी, खिडकीजवळचं टेबल. गळ व्हाइसच्या चिमट्यात धरला की पहिलं काम उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करण्याचं. मग दोऱ्याचे वेढे. गळाच्या दांडीवर, वरच्या अंगाला, शिशाचे जोडडोळे ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोरा फिरवतो. ते जरा जरी हलले तरी माशी पाण्यात कलते, म्हणून वेढ्यांवर गोंदाचा एक थेंब. या वजनाने गळ उलटा होतो, टोक वर राहतं आणि तिवरांच्या मुळांत अडकत नाही. ही युक्ती अमेरिकेतल्या बॉब क्लाउझर यांची, 1987 ची. आपल्या खाडीसाठीच काढली असावी इतकी इथे चपखल बसते. आता पांढरे केस, त्यावर चमकीचे दोन-चार धागे, वर शेवाळी केस. केस कमीच घ्यावेत. जाड माशी पाण्यात बोयीसारखी वळवळत नाही. शेवटी गाठ आवळून वार्निश.

दुपारी 1. गिऱ्हाइकांनी मागवलेल्या ट्राउटच्या माश्या बांधून उरकतो. ब्रिटिशांनी आणलेला हा मासा काश्मीर-हिमाचलच्या थंड पाण्यातला. त्याची माशी नखाएवढी, कोंबड्याच्या मानेच्या पिसावर तरंगणारी. हात चटकन चालतो, पण जीव जिताड्यातच.

दुपारी 3. बादलीत पाणी घेऊन नवी माशी ओढून बघतो. केस मिटतात, फुलतात. जमली.

दुपारी 4. खाडीवर बाराच्या भरतीचं पाणी आता उतरतंय. सिडकोने पावसाचं पाणी साठवायला बांधलेल्या धारण तलावांच्या झडपा ओहोटीला उघडतात, बारीक मासळी बाहेर पडते आणि जिताडा तोंडाशीच दबा धरतो. माशी तिथे सोडायची, थोडी बुडू द्यायची, मग झटके देत ओढायची. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत मात्र दोरी टाकायची नाही.

संध्याकाळी 7. लागला तर हातभर जिताडा घरी आणतो. त्याहून मोठा सोडून देतो. जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. पावसाळ्यात लाखो अंडी घालणाऱ्या माद्या याच मोठ्या माशांमध्ये असतात. काटा सपाट असला की गळ चटकन सुटतो. तुम्हीही गळ टाकत असाल तर उलटा काटा आजच दाबा आणि मोठा जिताडा पाण्यात परत सोडा.