जुन्या पद्मिनीला डिस्क ब्रेक

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर सावद्याहून फैजपूर, यावल आणि पुढे चोपड्याकडे जाताना केळीने भरलेल्या मालमोटारींची जी वर्दळ लागते, तिच्यात एखादी जतन केलेली प्रीमियर पद्मिनी दिसली, की जाणत्या माणसाला आनंद होतो आणि त्याचबरोबर तिच्या ब्रेकची चिंताही वाटू लागते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० च्या घडणीवर तयार झालेली ही गाडी ज्या काळात जन्मली, त्या काळच्या वेगाला तिचे ड्रम ब्रेक पुरेसे होते. आजच्या रहदारीत मात्र, पुढच्या वाहनाने अकस्मात ब्रेक मारला असता, ते अपुरे पडण्याची जोखीम असते.

ड्रमचे वैगुण्य उष्णतेत आहे. चाळीसगाव-कन्नड दरम्यानचा औट्रम घाट उतरताना ब्रेकवर सारखा पाय ठेवावा लागला, तर तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो, लायनरचे घर्षण क्षीण होते आणि पेडल खोल जाऊ लागते. डिस्क उघड्या हवेत फिरत असल्यामुळे लवकर निवते, आणि तापून जाड झाली तरी पॅडपासून दूर न जाता त्यांच्याकडेच सरकते. जॅग्वारने १९५३ साली ल मांची शर्यत जिंकली, तेव्हा डिस्कचा हा गुण साऱ्या जगासमोर सिद्ध झाला.

तथापि, भंगारबाजारातून हाती लागेल तो कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, आणून बसविणे म्हणजे सुधारणा नव्हे. मारुती ८०० चे वजन सुमारे साडेसहाशे किलो, तर पद्मिनीचे सुमारे नऊशे. हलक्या गाडीसाठी योजलेला कॅलिपर जड गाडीला पुरेल, हे गृहीत धरता येत नाही. डिस्क व कॅलिपर चाकाच्या रिममध्ये मोकळेपणाने मावले पाहिजेत. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे, आणि त्याला धरणारा ब्रॅकेट, ज्यावर ब्रेकचा सारा जोर येतो, तो जाड पोलादाचा व अचूक मापाचा असला पाहिजे. हवा काढण्याचा निपल वरच्या बाजूस राहिला नाही, तर आत अडकलेली हवा कितीही पंप मारले तरी निघत नाही. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज ताणत वा घासत नाही, याचीही खातरजमा करावी.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते मास्टर सिलिंडरकडे. ड्रममधील एक शू फिरत्या ड्रमच्या ओढीने आपोआप अधिक घट्ट दाबला जातो. डिस्कला ही मदत नसल्याने तिला तेलाचा अधिक दाब लागतो. म्हणून कोणी मोठा सिलिंडर बसवितो आणि नेमके उलटे घडते: १९ मिलिमीटर व्यासाऐवजी २२ मिलिमीटरचा सिलिंडर घेतला, तर क्षेत्रफळ सुमारे एक तृतीयांशाने वाढते व पायाचा जोर तोच असताना दाब सुमारे पाव हिश्श्याने घटतो. उलट, सिलिंडर फार लहान घेतला तर कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला तेल पुरत नाही आणि पेडल तळाशी जाते. यास्तव कॅलिपर, मास्टर सिलिंडर व पायाचा जोर वाढविणारा बूस्टर यांची निवड एकाच वेळी, परस्परांचा हिशेब मांडूनच करावी. ड्रमसाठीच्या सिलिंडरात पुष्कळदा वाहिनीत थोडा दाब कायम राखणारी झडप असते. ती डिस्कच्या मार्गात राहिली, तर पॅड डिस्कला घासत राहून चाक तापते. जोराने ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे जातो, म्हणून मागील चाके आधी जाम होऊ नयेत यासाठी मागे तसेच ठेवलेल्या ड्रमचा दाब मर्यादित करण्याची तजवीजही ठेवावी.

खानदेशाच्या उन्हाळ्यात ताज्या ब्रेक ऑईलचे मोल विशेष. डॉट ४ तेल कोरडे असताना किमान २३० अंशांवर उकळते, पण ते हवेतील ओलावा शोषते आणि तो मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते; म्हणून ते ठरावीक मुदतीने बदलावे. सिलिकॉनचे डॉट ५ त्यात कदापि मिसळू नये.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई आहे. तेव्हा काम हाती घेण्यापूर्वी जळगावच्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. हा सारा संच जुळवून, जाणत्या मिस्त्रीकडून बसवून घेण्याइतका पैसा हाताशी नसेल, तर जुने ड्रम खरादून, नवे लायनर व वॉशर घालून उत्तम स्थितीत ठेवावेत. अर्धवट बसविलेल्या डिस्कपेक्षा ते निश्चितच अधिक विश्वासार्ह होत.