खारीतला भात, चोपणातला ऊस आणि डीएनएचे वाचन



चोपण-क्षारपड रानात तग धरणारे बेणे कधी मिळणार, हा प्रश्न आपल्यात सारखा निघतो. प्रयोगशाळेत पिकाचा डीएनए वाचतात म्हणे, मग अडले कुठे? हे समजायला आधी रायगडच्या किनाऱ्याकडे पाहू.

तो मुलूख भाताचा, उसाचा नव्हे. पण पेण-अलिबागच्या खारभूमीतला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मिठाशी झुंजतो आहे. बांध घालायचा, उघाडी राखायची, आणि उधाणाने बांध फुटला की खारे पाणी शेतात! पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने अशा रानांसाठी पनवेल-१, २ आणि ३ हे वाण दिले. ते संकर आणि निवड या जुन्या वाटेने आले. वाट खात्रीची, पण लांबची. कोकणातला पाऊस मीठ धुऊन नेतो, उघडीप पडली की ते पुन्हा वर येते. मग रोप टिकले ते अंगच्या गुणाने की पाऊस बरा झाला म्हणून, हे ठरवायला हंगामामागून हंगाम जातात.

इथे डीएनए-वाचन कामाला येते. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला पिकाचा सातबाराच म्हणा. पानातून तो वेगळा काढायचा, त्याचे तुकडे करायचे, यंत्राने अक्षरे वाचायची. मग संगणक सारखी टोके एकावर एक जुळवून सलग मजकूर लावतो. सँगर यांनी १९७७ साली वाचनाची रीत दिली. भाताचा सुमारे ३९ कोटी अक्षरांचा मजकूर २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात अकराव्या गुणसूत्राच्या कामात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा होता. केरळच्या पोक्काली भातातला, खारेपण सोसण्याचा 'साल्टॉल' हा भाग पहिल्या गुणसूत्रावर आहे. तो रोपात उतरला की नाही, हे आता पानाच्या तुकड्यावरून कळते. पावसाची वाट पाहायला नको. मात्र साल्टॉलचा आधार मुख्यत्वे रोपावस्थेत. फुलोऱ्यातल्या खारेपणाला तो पुरा पडत नाही.

आता आपला ऊस. हे प्रकरण भलतेच गुंत्याचे! भाताची गुणसूत्रे २४, आणि 'आर ५७०' या उसाची ११४ च्या आसपास. मजकूर सुमारे १,००० कोटी अक्षरांचा. एकाच पानाच्या आठ-दहा किंवा जास्तच प्रती, प्रत्येकीत थोडा फरक, आणि सगळ्या फाडून एका पोत्यात भरलेल्या. कुठला तुकडा कुठल्या प्रतीचा? म्हणून त्याचे तपशीलवार वाचन २०२४ साली हाती आले. त्यातून तांबेरा रोखणाऱ्या भागाचा माग लागला. पण खारेपण सोसणे हा एकट्या जनुकाचा खेळ नाही, त्यामुळे तिथे वेळ लागणार.

तोवर पाडेगाव केंद्राचा फुले २६५ आहेच. क्षारपड रानात तो इतरांपेक्षा बरा उतरतो, आणि तोही जुन्याच वाटेने आलेला. लावणीआधी माती तपासून घ्यावी आणि निचऱ्याचे चर काढावेत. मुळाशी पाणी तुंबले तर फुले २६५ सुद्धा दगा देतो.