नळीतला पीळ: आधी गोळी, मग आकडा

दादरमध्ये रायफलीचा विषय निघायला फारसं निमित्त लागत नाही. शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकात नेमबाजी शिकवली जाते, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. कीर्ती कॉलेजच्या एनसीसीत असलेली अंजली वेदपाठक, म्हणजे पुढची अंजली भागवत, २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली, हे इथले जुने लोक आजही अभिमानाने सांगतात. त्यात १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक मिळवलं, आणि 'पॉइंट टू-टू घ्यायची तर कुठली?' हा प्रश्न घरोघरी पोचला. मागोमाग मोबाइलवरच्या अमेरिकी व्हिडिओंमधले शब्दही आले: ट्विस्ट रेट, ग्रूव्ह, व्हार्मिंट बॅरल.

यातलं शेवटचं आधी निकालात काढू. अमेरिकेत शेताची, कुरणाची नासधूस करणाऱ्या लहान प्राण्यांना व्हार्मिंट म्हणतात. ते दोन-तीनशे मीटरवरून टिपायला लहान कॅलिबरच्या, प्रचंड वेगवान रायफली बनतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असा छंद करता येत नाही. रानडुकरं किंवा रोही पीक फस्त करत असतील तर वनखात्याची परवानगी काढावी लागते, आणि तिथेही .२२ हे हत्यार नव्हेच. त्यामुळे दादरच्या वाचकाला व्हार्मिंट रायफल घ्यायची नाही. पण नळीतल्या पिळाबद्दलचे बहुतेक गैरसमज त्याच रायफलींच्या चर्चेतून आपल्याकडे आलेत, म्हणून तिथूनच सुरुवात केलेली बरी.

नळीच्या आतल्या अंगाला नागमोडी नव्हे, तर जिन्यासारख्या गोल फिरत जाणाऱ्या खाचा कापलेल्या असतात. त्या ग्रूव्ह, आणि मधले उंचवटे लँड. उंचवटे गोळीच्या अंगात रुततात आणि तिला फिरवत बाहेर काढतात. किती इंचात एक पूर्ण फेरा, तो पिळाचा आकडा, म्हणजेच ट्विस्ट रेट. १:१६ म्हणजे सोळा इंचात एक फेरा. इथेच पहिली गल्लत होते. १:१४ हा आकडा १:८ पेक्षा मोठा दिसतो म्हणून तो पीळ जास्त वाटतो, पण आठ इंचात फिरणारी गोळी चौदा इंचात फिरणारीपेक्षा जास्त गरगरते. आकडा लहान, तर पीळ जलद.

'पीळ जितका जलद, तितका नेम पक्का'

भोवरा पुरेसा फिरला की उभा राहतो, त्याहून जास्त फिरवल्याने तो अधिक उभा राहत नाही. गोळीचंही तेच. हवा तिला आडवी पाडू बघते, फिरकी तिला नाकाच्या दिशेने सरळ ठेवते. फिरकी कमी पडली की काय होतं ते टार्गेटच्या कागदावर डोळ्यांनी दिसतं: गोल भोकाऐवजी लांबट, कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखी चीर पडते, कारण गोळी आडवी होऊन कागदात शिरलेली असते. अशी एक जरी चीर दिसली तरी ती गोळी आणि ती नळी यांचं जमत नाही, हे नक्की समजावं.

पण गरजेपेक्षा फारच जास्त फिरकी दिली तर वेगळी किंमत मोजावी लागते. कोणतीही गोळी शंभर टक्के समतोल नसते. तांब्याचं आवरण एका बाजूला केसभर जाड असतं, शिशात कुठेतरी बारीक पोकळी असते. फिरकी वाढली की हा असमतोल नळीबाहेर पडताना जास्त जोराने गोळीला बाजूला ढकलतो. .२२-२५० सारखी रायफल सेकंदाला ३,८०० फुटांच्या आसपास गोळी फेकते. १:१४ च्या पिळात ती गोळी मिनिटाला सुमारे १,९५,००० फेरे घेते आणि १:८ मध्ये जवळपास ३,४२,०००. व्हार्मिंटच्या गोळ्यांचं आवरण मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. एवढ्या फिरकीत ते आवरण हवेतच फाटतं, आणि नेमबाजाला टार्गेटवर काहीच सापडत नाही. म्हणून .२२० स्विफ्ट, .२२२ रेमिंग्टन अशा जुन्या व्हार्मिंट रायफलींना १:१४ चा मंद पीळच असायचा. तो मागासलेपणा नव्हता, त्या हलक्या गोळ्यांना तेवढाच पुरे होता.

'जड गोळी, जलद पीळ'

हा गैरसमज सर्वात चिवट, कारण तो बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो. पिळाची गरज ठरवते ती गोळीची लांबी, वजन नव्हे. एकाच कॅलिबरमध्ये जड गोळी सहसा लांब असते, म्हणून वजनाचा नियम चालून जातो. पण .२२ लाँग रायफलची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, आणि साधारण १२ मिलिमीटर लांब. .२२३ साठीची प्लॅस्टिकच्या टोकाची व्हार्मिंट गोळीही ४० ग्रेनची मिळते आणि ती साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास भरते. वजन एकच, लांबी जवळपास दीडपट. आता वजन बघून पीळ कसा ठरवणार?

वूलिचच्या मिलिटरी अकादमीतला गणिती अल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल याने १८७९ मध्ये यासाठी एक सुटसुटीत सूत्र दिलं. गोळीची लांबी तिच्या जाडीने भागायची, आलेल्या आकड्याने १५० ला भागायचं, आणि उत्तराला पुन्हा जाडीने गुणायचं. .२२ चं करून बघा. १२ ला ५.७ ने भागलं की सुमारे २.१ येतात, दीडशेला त्याने भागलं की ७१, त्याला ५.७ ने गुणलं की ४०६ मिलिमीटर. इंचात बरोबर सोळा! जगातल्या बहुतेक .२२ नळ्यांचा पीळ १:१६ असतो, तो असा. सूत्र शिशाच्या गोळीचं आहे आणि फार वेगवान गोळ्यांना दीडशेऐवजी १८० धरतात. अचूक हिशेबासाठी आज त्याहून चांगली सूत्रं आहेत, पण कागदावर पटकन अंदाज घ्यायला हे अजून पुरतं.

लांबीचा मुद्दा आता आणखी महत्त्वाचा झाला आहे. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि जुन्या मंद पिळाच्या नळीत डगमगू लागते. रायफल तीच, वजन तेच, तरी ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, विस्कटतो. मालक मात्र दुर्बिणीचे स्क्रू पिळत बसतो.

आकडा आधी ठरवून गोळी नंतर निवडली की काय होतं, याचा धडा रेमिंग्टन कंपनीने स्वतःच्या खर्चाने शिकून घेतला. १९५५ मध्ये दोन नवी ६ मिलिमीटर काडतुसं जवळपास एकदमच बाजारात आली. .२४३ विंचेस्टरला १:१० चा पीळ होता आणि ती १०० ग्रेनची गोळी सहज सांभाळायची. रेमिंग्टनने मात्र आपली .२४४ ही व्हार्मिंटची रायफल मानून १:१२ चा मंद पीळ दिला, कारण हिशेब हलक्या गोळ्यांचा होता. गिऱ्हाइकाला एकाच रायफलीत दोन्ही कामं हवी होती: उन्हाळ्यात व्हार्मिंट, हिवाळ्यात हरणं. तो विंचेस्टरकडे गेला. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ६ मिमी रेमिंग्टन या नव्या नावाने आणि १:९ च्या पिळाने पुन्हा आणलं, तोवर बाजार हातचा गेला होता. काडतूस वाईट नव्हतं. काही नेमबाज तर ते .२४३ पेक्षा सरस मानतात.

'कॅलिबर कळलं की पीळ कळला'

.२२ लाँग रायफलपुरतं हे जवळपास खरं. .२२३ च्या बाबतीत मुळीच नाही. तिथे १:१२, १:९, १:८, १:७ असे सगळे पीळ बाजारात आहेत. याच कॅलिबरच्या, अमेरिकी लष्कराच्या एम-१६ चा पीळ सुरुवातीला १:१४ होता. ५५ ग्रेनच्या गोळीला तो साध्या हवामानात कसाबसा पुरायचा. कडाक्याच्या थंडीच्या चाचण्यांत गोळ्या डगमगल्या, कारण थंड हवा दाट असते आणि उणे ५४ अंशांची हवा मुंबईच्या दुपारपेक्षा चाळीसेक टक्के दाट. म्हणून १९६३ मध्ये पीळ १:१२ केला. पुढे एम-१६ ए-२ ला तो १:७ झाला. लोक त्याचं श्रेय ६२ ग्रेनच्या नव्या गोळीला देतात. खरं कारण तिच्यासोबत वापरायची प्रकाशरेषा सोडणारी ट्रेसर गोळी होतं. ती बरीच लांब असते. पुन्हा लांबीच.

नळीवर आकडा कोरलेला नसेल तर मोजता येतो. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासा, बोल्ट काढा. हँडल मोकळं फिरणाऱ्या क्लीनिंग रॉडवर घट्ट चिंधी लावून तो मागच्या बाजूने पुढच्या तोंडाजवळपर्यंत ढकला. रॉडच्या वरच्या अंगाला पेनाने टिंब काढा आणि रॉड नळीत जिथे शिरतो तिथे चिकटपट्टीची खूण करा. आता सावकाश मागे ओढा. टिंब खाली जाईल, फिरून पुन्हा वर येईल. ते वर आलं की त्याच जागी दुसरी पट्टी. दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे पीळ, .२२ मध्ये सुमारे ४०.६ सेंटिमीटर. चिंधी सैल असेल तर ती घसरते आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा मोठा येतो, म्हणून तीनदा मोजून बघा. रॉड पुढच्या तोंडातून घालू नका. तिथली कड रॉडच्या घासण्याने झिजली तर चांगल्यातली चांगली नळीही वाकडं मारू लागते.

खाचा किती, यावर मात्र वाद घालण्यात वेळ घालवू नये. दुसऱ्या महायुद्धात उत्पादन झपाट्याने व्हावं म्हणून .३०३ ली-एनफिल्ड आणि अमेरिकी स्प्रिंगफील्डच्या पाच किंवा चार खाचांऐवजी फक्त दोन खाचांच्या नळ्या बनवल्या गेल्या, आणि त्यांच्या नेमात लक्षात येण्यासारखा फरक पडला नाही. उलट टोकाला मार्लिन कंपनीच्या .२२ च्या नळीत सोळा बारीक खाचा. दोन्ही चालतात. महत्त्वाचं आहे ते खाच सर्वत्र सारख्या मापाची असणं. पीळ डावा की उजवा, हेही ५० मीटरवर फिकीर करण्याजोगं नाही.

'समुद्राची दमट हवा जड, गोळी खाली पडते'

वरळीच्या रेंजवर वाईट दिवस गेला की हे कारण हमखास ऐकू येतं. प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. वाफेचा रेणुभार १८, तर कोरड्या हवेचा सुमारे २९. दमट हवा थोडी विरळच. मुंबईची गरम, दमट हवा गोळीला किंचित सोपी जाते आणि फिरकीला अधिक वाव देते. इथल्या हवेतलं मीठ मात्र नळीला गंज आणतं. ती काळजी खरी आणि ती तेलाच्या चिंधीने मिटते.

नळी लांब असली की नेम चांगला, हेही असंच. .२२ च्या दारूचा जोर पहिल्या सोळा-एक इंचांतच बहुतेक संपतो. स्पर्धेच्या रायफलीची लांब नळी पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर वाढवायला असते.

मग हातात काय उरतं? ५० मीटरवरच्या टार्गेटचा दहाचा गोल फक्त १०.४ मिलिमीटरचा. स्पर्धेची .२२ गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने जाते, म्हणजे १:१६ च्या नळीतून मिनिटाला ४९,००० च्या आसपास फेरे घेत. तिच्यासाठी पीळ निवडायचा प्रश्नच नसतो, तो कधीच ठरलेला आहे. खरा फरक पडतो लॉटने, म्हणजे एका वेळी बनलेल्या गोळ्यांच्या खेपेने. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या गोळ्या वेगवेगळ्या लॉटच्या असल्या तर त्याच नळीतून वेगवेगळे ग्रुप देतात. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन बर्मिंगहॅमला एलीच्या किंवा जर्मनीत लापुआच्या चाचणी केंद्रावर जातात. तिथे नळी शिकंज्यात घट्ट बांधून लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट एकगठ्ठा विकत घेतात.

दादरच्या पालकाला एवढं सगळं करणं शक्य नाही, गरजही नाही. मुलाने सुरुवात ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलीवर करावी. वीस जूलपर्यंतच्या अशा रायफलीला परवाना लागत नाही. पुढे .२२ घ्यायची वेळ आली की दुकानदाराला ट्विस्ट विचारू नका, तो सोळाच असणार. त्याऐवजी दोन-तीन लॉटचे एकेक डबे घेऊन रेंजवर टेकूवरून मारून बघा, आणि जो लॉट जमेल त्याच्याच गोळ्या वर्षभराला पुरतील इतक्या, परवान्यात बसतील तेवढ्या, घेऊन ठेवा.