मॅनहॅटनच्या डोक्यावरचं माळरान

भर गर्दीच्या रस्त्यातून मालगाडी चाललीय आणि तिच्यापुढे घोड्यावर बसलेला माणूस लाल बावटा हलवत लोकांना बाजूला करतोय. हे दृश्य न्यूयॉर्कमधलं आहे, यावर विश्वास बसतो? १८४७ मध्ये शहरानं मॅनहॅटनच्या पश्चिम भागात रस्त्यावरूनच रूळ टाकायला परवानगी दिली. पुढे गाडीखाली इतकी माणसं सापडली की दहाव्या ॲव्हेन्यूला लोक ‘डेथ ॲव्हेन्यू’ म्हणू लागले. म्हणून हे घोडेस्वार नेमले. त्यांना नाव पडलं ‘वेस्ट साइड काउबॉय’!

अखेर ठरलं, गाडीच वर उचलायची. १९३४ मध्ये रस्त्यापासून सुमारे नऊ मीटर उंचीवरून पोलादी पूल धावू लागला. आणि तो नेला कुठून? रस्त्यावरून नेला असता तर खाली कायमचा अंधार झाला असता. म्हणून तो घुसवला इमारतींच्या अधूनमधून, काही ठिकाणी तर थेट आरपार! ओरिओ बिस्किट जिथे जन्मलं, त्या नॅबिस्कोच्या कारखान्यात वाघिणी वरच्या मजल्यावरच रिकाम्या व्हायच्या. मांस, दूध, भाजीपाला सगळं हवेतून यायचं. खालच्या रस्त्याला पत्ताही नाही.

मग ट्रक आले आणि मालवाहतूक त्यांच्याकडे गेली. १९६० मध्ये पुलाचा दक्षिणेकडचा तुकडा पाडला. १९८० मध्ये गोठवलेल्या टर्कीच्या तीन वाघिणी घेऊन शेवटची गाडी गेली आणि वरची वर्दळ थांबली.

खरं नवल इथून पुढचं. वर होतं काय? रूळ, स्लीपर आणि खडी. त्या खडीत वाऱ्यानं धूळ आणली, पक्ष्यांनी विष्ठेतून बिया आणल्या. दगडांच्या फटीत एखादं गवत रुजलं, वाळलं, कुजलं. पुढच्या वर्षीच्या बीला तेवढी माती मिळाली. चमचाभर विरजणानं पातेलंभर दही लागावं, तशी ती माती वाढत गेली. जिथे इमारती अगदी जवळ होत्या तिथे सावली मानवणारी झाडं आली, उघड्यावर उंच गवत डोललं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर चढून मोजणी केली, तर दीडशेहून अधिक जाती निघाल्या! ना माळी, ना पाण्याची झारी.

खालून मात्र दिसायचा फक्त गंजका सांगाडा. जागामालकांना तो पाडायचाच होता. १९९९ मध्ये जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड हे दोन रहिवासी एका स्थानिक सभेत भेटले आणि पूल वाचवायला उभे राहिले. छायाचित्रकार जोएल स्टर्नफेल्ड वर्षभर ऋतूंमागून ऋतू वर जाऊन फोटो काढत राहिले. शहराला आपल्याच डोक्यावरचं माळरान पहिल्यांदा दिसलं ते त्या फोटोंत. माझ्या मते पूल वाचला तो तिथेच.

२००९ मध्ये तो ‘हाय लाइन’ नावाची बाग म्हणून खुला झाला. रूळ उचलताना प्रत्येकावर खूण केली होती. त्यातले बरेचसे पुन्हा आपापल्या जागी बसवले. लागवडीची आखणी केली पीट ऊडोल्फ या डच उद्यानकारानं. त्यानं समोर ठेवलं ते वाऱ्यानं आणि पाखरांनी आधीच लावून ठेवलेलं रान. तीच गवताळ रचना, हिवाळ्यात वाळलेली बोंडंसुद्धा जपणारी. सुमारे २.३ किलोमीटरची ही वाट तुम्ही चालत जाता, तेव्हा पायाखाली माती असते साधारण अर्धा मीटर.

पण रेल्वे गेली आणि बाग आली, असं कायदा मानत नाही, बरं का! ‘रेलबँकिंग’ या अमेरिकी तरतुदीनुसार बंद पडलेला मार्ग तात्पुरती पायवाट म्हणून वापरता येतो, त्यावरचा रेल्वेचा हक्क मात्र शाबूत राहतो. याच आधारानं पूल पाडणं टळलं. म्हणजे इतकी फुलं फुलल्यावरही हा मार्ग कागदोपत्री रेल्वेसाठीच राखीव आहे. उद्या गरज पडली तर त्यावरून पुन्हा गाडी नेता येईल.