तार गेली, फोन राहिला!

मुलांनो, एक कोडं घालते. घरातली वीज गेली. पंखा थांबला, टीव्ही बंद पडला. पण कोपऱ्यातला जुना टेलिफोन मात्र खुशाल ट्रिंग ट्रिंग वाजतोय! त्याला वीज कुठून मिळाली?

उत्तर सोपं आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधून! तांब्याच्या त्या दोन तारांतून नुसता आवाज येत नसे, ४८ व्होल्टची वीजही येत असे. एक्स्चेंजमध्ये मोठमोठ्या बॅटऱ्या असत. म्हणून गावात अंधार झाला, तरी फोन जिवंत राही.

आता बऱ्याच घरांत तांब्याऐवजी फायबर आलं आहे. फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा. त्यातून प्रकाशाची उघडझाप धावते आणि तीच आपला संदेश नेते. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा संगणक मोडेम नावाच्या यंत्रातून चक्क फोन लावून इंटरनेटवर जाई. पुढे या मोडेमचा वेग वाढून वाढून सेकंदाला ५६ किलोबिट झाला. ३ मेगाबाइटचं गाणं, म्हणजे २४ मेगाबिट, उतरायला सात मिनिटं लागत. ५० मेगाबिटच्या फायबरवर अर्धं सेकंदही लागत नाही. गणित करून पाहा बरं!

मग जुना फोन भंगारात द्यायचा का? मुळीच नाही.

फायबरच्या टोकाला घरात एक डबा बसवतात. त्याला ओएनटी म्हणतात. एक्स्चेंजचं काम आता हा डबा करतो. बऱ्याच डब्यांना मागे फोनचं सॉकेट असतं. कंपनीकडून फोनची सेवा सुरू करून घेतली आणि जुन्या फोनची पिन तिथे लावली, की डबाच त्याला वीज देतो आणि घंटीही वाजवतो. भिंतीतल्या जुन्या तारा वापरायच्या असतील, तर बाहेरून आलेली तांब्याची जोडी आधी सोडवावी लागते. हे काम मोठ्यांचं किंवा लाईनमनचं. उघड्या तारेला तुम्ही हात लावू नका.

तबकडीच्या फोनची गंमत वेगळी. ५ फिरवला, की तबकडी परत येताना पाच वेळा वीज तोडते. ० ला दहा वेळा. बटणांचा फोन मात्र प्रत्येक आकड्याला दोन सूर एकदम वाजवतो. काही नव्या डब्यांना सूर कळतात, खटके कळत नाहीत. मग आलेल्या फोनवर बोलता येतं, पण इकडून नंबर लागत नाही. खटक्यांचे सूर करून देणारं छोटं यंत्र मिळतं. बटणांच्या काही फोनवर ‘पल्स-टोन’ असा बारीक खटका असतो, तो टोनवर ठेवावा.

फॅक्स आणि जुना मोडेम शिट्ट्या वाजवून बोलतात. नव्या जोडणीत आवाजाचे तुकडे करून पाठवतात. एखादा तुकडा हरवला, तर आपल्या कानाला पत्ताही लागत नाही. फॅक्सचं पान मात्र अडकतं. वेग ९६०० वर आणला, तर ते पुष्कळदा जातं. मोडेम त्याहून नाजूक, त्याच्या भरवशावर राहू नये.

आता सर्वांत महत्त्वाचं. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही! आपल्या सडक अर्जुनीकडे ‘लाईन गेली’ म्हणजे वीज गेली. पावसाळ्यात झाड तारेवर पडलं, की रात्र अंधारात जाते. अशा रात्री आजोबांना बरं वाटेनासं झालं आणि १०८ ला फोन करायचा असला तर? सवयीने ते रिसीव्हर उचलतील, पण डबाच बंद, मग फोन मुका! म्हणून डब्याला छोटी बॅटरी, म्हणजे मिनी यूपीएस, लावून घ्यावी. फायबरच तुटलं, तर बॅटरीचाही उपयोग नाही. यासाठी एक मोबाइल चार्ज केलेला हवाच.

या रविवारी एक प्रयोग करा. आईबाबांना विचारून डब्याचा भिंतीतला प्लग काढा आणि फोन कानाला लावा. आवाज आला तर उत्तम. नाही आला, तर रात्री जेवताना बॅटरीचा विषय तुम्हीच काढा!