राजनाला कालवा
राजनाला कालवा : रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील उन्हाळी भातास पाणी पुरविणारा कालवा. भिवपुरी जलविद्युत् केंद्रातून बाहेर पडणारे अवजल त्यात सोडले जाते.

परळ, लालबाग इ. भागांतील कापडगिरण्या प्रारंभी दगडी कोळशावर चालत. १९१५ मध्ये खोपोली केंद्राची वीज परळला पोहोचली व १९२२ मध्ये भिवपुरी केंद्र सुरू झाले. त्यासाठी मावळात आंध्र नदी ठोकरवाडी येथे अडविण्यात आली. मूळचे पूर्ववाहिनी असलेले हे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरविल्याने उल्हास खोऱ्यास लाभले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडल्या. भिवपुरीची वीजनिर्मिती मात्र थांबली नाही.

कोकणातील पावसाळी भातास कालव्याची गरज सहसा भासत नाही. उन्हाळी भात मात्र सर्वस्वी सिंचनावर अवलंबून असते. कालव्याच्या मुखाशी सोडलेल्या पाण्यापैकी शेतापर्यंत पोहोचणाऱ्या पाण्याचे प्रमाण म्हणजे त्याची वहनक्षमता होय. १०० लिटरपैकी ६० लिटर पोहोचल्यास ती ६० टक्के ठरते. उरलेले पाणी पाझर, गळती व बाष्पीभवन यांत जाते. अस्तरीकरणाने पाझर घटतो. तथापि पाझरलेले सर्वच पाणी वाया जाते असे नाही, कारण त्यातील काही खालच्या विहिरींत व ओढ्यांत उतरते. टोकाकडील शेतकऱ्यास मात्र त्याचा ऐन वेळी उपयोग होत नाही आणि तुटवड्याची झळ प्रथम त्यालाच लागते.

खाचरातही बचतीस वाव आहे. एक हेक्टरवर १ सेंमी. पाणी साठविण्यास १ लक्ष लिटर लागतात. चांगली चिखलणी केल्यास जमिनीत मुरणारे पाणी कमी होते. बांधांची डागडुजी व प्रत्येक खाचरास स्वतंत्र चारी यांमुळे एका खाचरातून दुसऱ्यात पाणी सोडताना होणारा अपव्यय टळतो. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसृत केलेल्या पद्धतीत खाचरातील पाण्याची पातळी जमिनीखाली सु. १५ सेंमी. जाईपर्यंत पुन्हा पाणी देत नाहीत. फुलोऱ्याच्या काळात मात्र खाचर कोरडे पडू देत नाहीत. तीमुळे सु. ३० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते.

मात्र या पद्धतीस ठरल्या दिवशी पाणीपाळी मिळणे अत्यावश्यक असते. अवजलाचा प्रवाह विजेच्या मागणीनुसार कमीअधिक होतो, पिकाच्या गरजेनुसार नव्हे. पुढील पाळीची खात्री नसल्यास शेतकरी मिळेल तेव्हा खाचर तुडुंब भरून घेतो, आणि त्यास दोष देता येत नाही. म्हणून अशा कालव्यावर अस्तरीकरणाइतकेच महत्त्व प्रवाहाचे चढउतार सामावून घेणारी साठवण व पाळ्यांचे आगाऊ वेळापत्रक यांनाही आहे.